दारापुढचे डांबर

वाराणसीत लक्सा रस्त्यालगत आमच्या एका मावशींचे घर आहे. घराणे मूळचे कोकणातले. काशीत येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या, पण घरात अजून मराठी बोलली जाते आणि उंबरठ्यापुढे रोज रांगोळी पडते. मावशी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा दाराशी पोचायला रस्त्यावरून दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता एक पायरी उतरावी लागते. घर खचलेले नाही, रस्ता वर आला आहे. पावसाळ्यात दाराच्या चौकटीला खाचा पाडून एक फळी आडवी बसवतात आणि तिच्यापुढे वाळूची दोन पोती टाकतात. जोराची सर आली की तरीही पाणी आत येतेच.

मावशींचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीतील एडिसन येथे असतो. त्याच्या घरापुढे, रस्त्यापासून गाडीघरापर्यंत, डांबरी वाट आहे. दर दोन-तीन वर्षांनी तो स्वतः त्यातल्या भेगा भरतो आणि वरून काळा लेप देतो. गेल्या पावसाळ्यात त्याने मला दूरध्वनीवर विचारले, "दादा, मी पैसे पाठवतो. आईच्या दारापुढे नीट डांबरीकरण करून घेता येईल का?" प्रशासनात उभी हयात घालवलेल्या माणसाला याचे उत्तर एका वाक्यात देता यायला हवे होते. मला ते देता आले नाही, म्हणून हा लेख.

आधी त्याच्या दारातील डांबराविषयी. अमेरिकेतील पहिला डांबरी रस्ता एडिसनपासून फार दूर नसलेल्या न्यूअर्क शहरात, नगरभवनासमोर, 1870 साली झाला. बेल्जियममधून आलेले रसायनशास्त्रज्ञ एडमंड डी स्मेट यांनी तो घातला. पुढे 1876 मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवर डांबर आले आणि हळूहळू घराघरांच्या दारांपर्यंत पोचले. आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो त्यात दोन भिन्न पदार्थ आहेत. एक दगडी कोळशापासून निघणारा, दुसरा खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारा, म्हणजे बिट्युमेन. आजचे रस्ते दुसऱ्याचे असतात, नाव मात्र पहिल्याचे टिकले. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कोळशाच्या डांबरापासून केलेल्या लेपात आरोग्याला घातक द्रव्ये असतात, म्हणून टेक्सासमधील ऑस्टिन शहराने 2005 मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने 2011 मध्ये तो बंद केला. परदेशस्थ वाचकांनी डबा विकत घेताना त्यावरील मजकूर अवश्य वाचावा.

डांबरी वाट टिकते ती वरच्या काळ्या थरामुळे नव्हे. साधारण दोन-तीन इंचांच्या त्या थराखाली सहा-आठ इंच खडी नीट दाबून बसवलेली असते, आणि तिच्याखालची माती कोरडी असावी लागते. फुटाला पाव इंच उतार, तोही घराकडून बाहेर, ही दुसरी अट. उन्हाने आणि हवेने बिट्युमेन हळूहळू कडक, ठिसूळ होते आणि भेगा पडतात. भेगेतून पाणी खडीत शिरते, खडी ढिली होते, आणि मग एखाद्या दिवशी चाकाखाली खड्डा पडतो. तो आपल्याला त्या दिवशी दिसतो, पण त्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी झालेली असते. म्हणून भेग बारीक असताना भरणे हे सर्वांत स्वस्त काम. नव्या डांबरावर मात्र काही महिने लेप देऊ नये, त्याला मुरू द्यावे.

काशीचा प्रदेश या बाबतीत विचित्र आहे. सभोवार गंगेचा गाळ, दगड नाही. मैदानातले जुने सरकारी रस्ते जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गाठींनी, म्हणजे 'कंकर'ने, बांधलेले असत. तो पसरून, पाणी मारून ठोकत. शहरातील गल्ल्यांना मात्र चुनारचा वालुकाश्म मिळाला. चुनार नदीच्या वरच्या अंगाला असल्याने दगड नावांतून सरळ घाटावर उतरे. घाटांच्या पायऱ्या, देवळे आणि गल्ल्यांतील फरसबंदी, सगळे त्याच कुळातले. या फरसबंदीचा एक गुण सहसा कोणी सांगत नाही. दगड झिजला किंवा खचला तर तो उचलता येतो, खालची माती सारखी करता येते, आणि तोच दगड उलटून त्याच पातळीवर पुन्हा बसवता येतो. दुरुस्ती झाली म्हणून गल्ली वर येत नाही.

आपल्या मराठी माणसांनी काशीत पुष्कळ बांधले. 1780 चे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांचे, हे सर्वांना ठाऊक असते. न टिकलेल्या बांधकामांविषयी कमी बोलले जाते. काशीहून गयेकडे जाताना कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नष्ट होते अशी समजूत असल्याने यात्रेकरूंची मोठी पंचाईत होई. नाना फडणविसांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला, पण वाळूत पाया धरेना आणि काम सोडावे लागले. पुढे 1830 च्या सुमारास काशीचे सावकार राय पटनीमल यांच्या पैशातून आणि जेम्स प्रिन्सेप यांच्या देखरेखीखाली तो पूल उभा राहिला. शिंद्यांचा घाटही स्वतःच्या वजनाने खचला. पाया आणि पाणी यांचा हिशेब पैशाने चुकवता येत नाही. हेच प्रिन्सेप टांकसाळीत अधिकारी म्हणून 1820 मध्ये काशीला आले होते. शहरात साचणाऱ्या पाण्याचा निचरा व्हावा म्हणून त्यांनी कमानीचा भुयारी नाला बांधला. टांकसाळीचा माणूस नाले का बांधतो, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नसावा. आज तो लेखापरीक्षणाचा आक्षेप झाला असता.

पण दारापुढची जागा कोणाची आणि तिचा खर्च कोणाचा? या प्रश्नावर काशीने एकदा मोठा लढा दिला आहे. 1810 मध्ये कंपनी सरकारने घरांवर कर बसवला. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या पाच टक्के, दुकानाला दहा टक्के. काशीच्या लोकांनी कामधंदे बंद ठेवले, दुकाने मिटली आणि हजारोंच्या संख्येने शहराबाहेर मैदानात बसून राहिले. त्यांच्या अर्जात एक मुद्दा असा होता की आम्ही 'फाटकबंदी' आधीच भरतो. मोहल्ल्याच्या तोंडाशी फाटक असे. त्याची दुरुस्ती आणि चौकीदाराचा पगार रहिवासी वर्गणीतून चालवत. हा नवा कर मात्र मोहल्ल्यासाठी नव्हता, तो सरकारी खजिन्यात जाणार होता. 1811 च्या आरंभी लोक पांगले, आणि 1812 मध्ये कर रद्द झाला. धरमपाल यांनी ही सर्व कागदपत्रे 1971 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. प्रशासनात येणाऱ्या प्रत्येक तरुणाने ती वाचावीत असे मी आजही सांगतो. लोकांचा विरोध पैसे देण्याला नव्हता. दिलेला पैसा आपल्या फाटकापाशी दिसला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

फाटके गेली, नगरपालिका आल्या, रस्ते सार्वजनिक झाले. डांबरी रस्त्यांना पैसा कोठून आणायचा हा प्रश्न देशापुढे आला तेव्हा त्याचे उत्तरही एका मराठी माणसाच्या समितीने दिले. 1927 मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. त्यांच्या शिफारशीवरून 1929 मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वाढीव दोन आणे रस्त्यांच्या निधीत जाऊ लागले. 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्ते बांधण्यासाठी निधी मिळाला. रस्ते राखण्यासाठी मात्र आपल्याकडे नेहमीच हात आखडता राहिला.

मावशींची गेलेली पायरी येथे सापडते. मी स्वतः अशी देयके मंजूर केली आहेत, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे. नव्या थराचे मोजमाप सोपे असते. लांबी, रुंदी, जाडी, गुणाकार, सही. शंभर बारीक भेगा भरल्याचे मोजमाप कसे घेणार आणि त्याचे उद्घाटन तरी कोण करणार? त्यामुळे भेगा भरल्या जात नाहीत, खड्डे पडतात, आणि मग जुन्या थरावरच नवा थर चढतो. जुना थर यंत्राने खरवडून काढला तर पातळी राहते आणि खरवडलेला मालही पुन्हा वापरता येतो. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशी आहेत, आणि तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी 2021 मध्ये तसा स्पष्ट आदेशच काढला. पण खरवडण्याची बाब अंदाजपत्रकात लिहिलेली नसेल तर ते कोणी करत नाही.

घरमालकांचेही चुकते. रस्ता वर आला की प्रत्येक जण फाटकापुढे सिमेंटचा रॅम्प उंचावतो, आणि तो गटारावरच बसतो. पाणी पुढे सरकत नाही. एके दिवशी अतिक्रमणाचे पथक येते, रॅम्प फोडते, आणि लोक पथकाला शिव्या देतात.

म्हणून मी मावसभावाला लिहिले की पैसे पाठवू नकोस. एडिसनमधील वाट तुझी आहे, तिचा उतार तुझ्या हाती आहे. येथील ती पट्टी महापालिकेची, आणि आपण ती दोन इंच उचलली तर आईच्या दारातले पाणी शेजारच्या शिंप्याच्या दुकानात जाईल. त्याऐवजी मोहल्ल्यातील एकवीस घरांच्या सह्यांचा एक अर्ज केला. रस्त्याचे पुढचे काम निघेल तेव्हा आधी जुना थर खरवडावा, प्रत्येक उंबरठ्याची पातळी मोजून नोंदवावी, आणि गटार मोकळे करून मगच डांबर टाकावे, एवढ्या तीनच मागण्या. शिंप्याची सही सर्वांत वर आहे.

अर्जाची पोच मिळाली आहे. कनिष्ठ अभियंता येऊन पातळी मोजून गेला. त्याने खडूने दाराच्या चौकटीवर एक रेघ मारली आहे आणि मावशी ती पुसू देत नाहीत. फळी आणि पोती मात्र त्यांनी यंदाही जिन्याखाली तयार ठेवली आहेत.