कर्करोगाचें मूळ गांव

यकृतांत कर्करोगाची गांठ सांपडली, तरी तिचा उगम तेथलाच असेल असें नाहीं. आणि उगम न कळल्यास उपचार तरी कोणता करावा? पेशींच्या आकारावरून हा निर्णय पुष्कळदां होत नसे. १९४१ सालीं अमेरिकेंत आल्बर्ट कून्स यांनीं प्रतिपिंडांना चकाकणारा रंग जोडला. प्रतिपिंड ठराविक द्रव्यालाच चिकटतात. त्यामुळें तें द्रव्य सूक्ष्मदर्शकाखालीं उघड होऊं लागलें. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर व मिलस्टाइन यांनीं एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची युक्ति शोधिली. आतां मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत बहुधा ‘केराटिन २०’ हें प्रथिन रंगतें, ‘केराटिन ७’ रंगत नाहीं. फुफ्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगांत बहुधा उलट. पेशी परगांवीं गेली, तरी मूळ गांवची बोली सहसा सोडीत नाहीं. क्वचित् सोडतेही, म्हणून जाणता वैद्य एकाच रंगाच्या साक्षीवर निकाल देत नाहीं.