पॉलिमरयुक्त डांबर : वसई-विरारच्या संदर्भात
रबरासारखा किंवा प्लास्टिकसारखा पॉलिमर मिसळून सुधारलेले, रस्त्याच्या वरच्या थरासाठीचे डांबर. साधे डांबर उन्हात मऊ पडते, अवजड गाड्यांखाली दबून चाकोऱ्या उमटतात आणि वर्षे सरतात तसे भेगाळते. हे दोष पॉलिमरने कमी होतात.

सर्वाधिक वापर एसबीएसचा, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीनचा. सुमारे १७० ते १८० अंश सेल्सियसच्या डांबरात तो वजनाने साधारण ३ ते ५ टक्के घालून वेगवान यंत्राने घोटतात. डांबरातला तेलकट अंश पिऊन तो फुगतो. स्टायरीनची कठीण टोके एकमेकांना धरून जाळे बांधतात, मधला ब्युटाडाईनचा भाग ताण सोडताच पूर्ववत होतो. तापवल्यावर जाळे सुटते, निवल्यावर जुळते. म्हणून मिश्रण पसरता येते. घोटणे कच्चे राहिले आणि टाकीत ढवळणे थांबले, की पॉलिमर वेगळा होऊन वर येतो व जादा खर्च वाया जातो.

या डांबराचे भारतीय मानक आयएस १५४६२ हे २००४चे, २०१९मध्ये सुधारलेले. त्यातील पीएमबी (पॉलिमर मॉडिफाइड बिटुमेन) ७६-१० या प्रतीत ७६ ही रस्त्याच्या तापमानाची वरची मर्यादा, १० म्हणजे खालची, उणे १० अंश. वसईला या दुसऱ्या आकड्याचे काम पडत नाही.

टाकाऊ प्लास्टिकचा रस्ता कधी पॉलिमरयुक्त डांबराचाच समजला जातो, पण ते प्रकरण निराळे. मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत प्लास्टिकचे तुकडे गरम खडीवर चढवतात, डांबर नंतर येते. पीव्हीसी त्यात चालत नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०१५मध्ये ५ लाखांवर लोकवस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या पट्ट्यात असा वापर करण्यास सांगितले. २०११च्या जनगणनेत १२ लाखांवर गेलेले वसई-विरार त्यात सहज बसते.

चिंचोटी-खानिवडे भागातून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आताचा ४८ क्रमांकाचा, हे पॉलिमरचे खरे क्षेत्र : अवजड वाहतूक आणि तापलेला पृष्ठभाग. तिथे अलीकडे काँक्रीटच्या व्हाइट टॉपिंगची वाट धरली गेली. शहरातील रस्त्यांचा शत्रू मात्र पाणी आहे. सखल जमीन, मिठागरे आणि भरतीच्या वेळचा पाऊस यांमुळे ते साचते, भेगांतून आत शिरते, आणि चाकांच्या दाबाने खडीवरचे डांबर सोलते. पॉलिमरयुक्त डांबर खडीला जास्त काळ धरून ठेवते, पण गटाराची उणीव ते भरून काढत नाही. जलवाहिनीसाठी खोदलेला चर नीट न दाबता वर हा महागडा थर दिला, तर खालचा भराव खचतो आणि थरही त्याबरोबर तुटतो.