दिनविशेष : १६ जुलै १९५०
माराकानाचा धक्का

दुसऱ्या महायुद्धामुळे बारा वर्षे खंडित झालेली फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा १९५० मध्ये ब्राझीलमध्ये भरली. त्या वेळी अंतिम सामना असा नव्हताच. चार संघांची साखळी होती. स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे लोळवणाऱ्या ब्राझीलला शेवटच्या सामन्यात उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरेशी होती. रिओतल्या नव्याकोऱ्या माराकाना स्टेडियमवर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे दाटली होती, तीही विजय गृहीत धरूनच.

उत्तरार्धात ४७व्या मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलला आघाडी दिली. मात्र कर्णधार ओब्दुलिओ व्हरेलाच्या उरुग्वेने हाय खाल्ली नाही. ६६व्या मिनिटाला शियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९व्या मिनिटाला घिगियाने गोलरक्षक बार्बोसा व जवळचा खांब यांच्यामधून चेंडू आत धाडला. उरुग्वे २-१ ने जगज्जेता!

देशाने सारे खापर बार्बोसावर फोडले आणि २००० मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तो डाग पुसला नाही. हा उघड अन्याय होता. पांढरी जर्सीही अपशकुनी ठरली. पुढे वृत्तपत्राच्या स्पर्धेतून आजची पिवळी जर्सी निवडली गेली.

जाता जाता : या स्पर्धेत भारतालाही जागा मिळाली होती, पण संघ गेला नाही. अनवाणी खेळण्यावरील बंदीची कथा लोकप्रिय असली, तरी भारतीय फुटबॉल महासंघाने संघनिवडीवरील मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणे दिली होती.

घिगियाचे निधन २०१५ साली झाले, तेही १६ जुलैलाच.