साम्राज्याचा कपडेपट

२७ जुलै २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या हेल्मेटबद्दल निकाल दिला. वादी होती ‘स्टार वॉर्स’ची ल्युकसफिल्म कंपनी आणि प्रतिवादी होते प्लॅस्टिकच्या साचेकामात वाकबगार असलेले अँड्र्यू एन्सवर्थ. १९७६ मध्ये एन्सवर्थ यांनी चित्रपटासाठी अशी ५० हेल्मेटे करून दिली होती. २००४ मध्ये ते जुन्याच साच्यांवरून त्यांच्या प्रती काढून विकू लागले, आणि प्रकरण कोर्टात गेले.

वकिलांच्या दृष्टीने हा निकाल गाजला तो स्वामित्वहक्काच्या मुद्द्यावर. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यातली सुरुवातीची हकिगत मोलाची वाटावी. १९७४ ते १९७६ या काळात दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांच्या मनातल्या, ‘फॅसिस्ट पांढरी चिलखते’ घातलेल्या सैनिकांना चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांनी रूप दिले. निक पेम्बर्टन यांनी त्या चित्रांवरून मातीचा नमुना घडवला. ल्युकस यांच्या पसंतीस उतरेपर्यंत तो पुन्हा पुन्हा बदलला गेला, आणि शेवटी एन्सवर्थ यांनी तो प्लॅस्टिकमध्ये उतरवला. कल्पित सैन्याच्या शिरस्त्राणाची वंशावळ कोर्टात शाबीत व्हावी, असे क्वचितच घडते.

या वंशावळीत एक शब्द खटकतो, तो म्हणजे ‘फॅसिस्ट’. ‘स्टार वॉर्स’मधल्या साम्राज्याचे गणवेश नाझींवरून उचलले, हे विधान १९७७ पासून इतक्या वेळा केले गेले आहे की त्याला आता बखरीचे वजन आले आहे. बखर खोटीच असते असे नाही. पण तिच्या शेजारी अस्सल कागद ठेवून पाहावा लागतो. इथे कागद आहेत: पटकथेच्या काळातली टिपणे, मॅक्वॉरींची चित्रे, वेशभूषाकाराने आधी लिहिलेले ग्रंथ, त्याची स्वतःची रेखाटनवही, दोन न्यायालयांची निकालपत्रे. आणि पडद्यावर दिसणारे कपडे तर आहेतच.

आधी नाव पाहू. त्या पांढऱ्या सैनिकांना ‘स्टॉर्मट्रूपर’ म्हणतात. हा शब्द जर्मन लष्कराच्या हल्लेखोर तुकड्यांवरून आला. १९१५ मध्ये खंदकांची कोंडी फोडण्यासाठी अशा तुकड्यांचे प्रयोग सुरू झाले, कॅप्टन विली रोर यांनी त्यांना शिस्त लावली, आणि १९१८ च्या वसंतातल्या मोठ्या चढाईत त्याच आघाडीवर होत्या. मानेवर उतरणाऱ्या कडेचे पोलादी हेल्मेट १९१६ मध्ये व्हर्दंच्या लढाईत जर्मन सैनिकांच्या डोक्यावर आले. ते फ्रीडरिश श्वेर्ड या हॅनोव्हरच्या तंत्रज्ञाने आखले होते. १९२१ मध्ये नाझी पक्षाने आपल्या रस्त्यावरच्या टोळ्यांना तेच जुने लढाऊ नाव चिकटवले. म्हणजे नाव आणि हेल्मेट, दोन्ही नाझींच्या आधीची. नाझींकडे ती वारशाने आली.

आता टिपणे. १९७३ मध्ये ल्युकस यांनी कथेसाठी जे लिहून ठेवले, त्यात साम्राज्य म्हणजे दहा वर्षांनंतरची अमेरिका आहे, आणि तिच्याशी झुंजणारा लहानसा देश उत्तर व्हिएतनामसारखा. व्हिएतनाम युद्धावरचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ हा चित्रपट करण्याचे तेव्हा त्यांच्याच मनात घोळत होते, त्यामुळे ही तुलना आयत्या वेळची नाही. पुढे वेशभूषाकाराला त्यांनी ज्या सूचना दिल्या, त्या मात्र उलट दिशेच्या. साम्राज्याची माणसे कार्यक्षम, हुकूमशाही, फॅसिस्ट दिसावीत. बंडखोर दिसावेत काउबॉयच्या चित्रपटातले, नाहीतर अमेरिकी मरीन सैनिकांसारखे. कथेच्या कागदावर अमेरिका साम्राज्याच्या जागी आहे, कपड्यांच्या कागदावर ती बंडखोरांच्या बाजूला गेली आहे.

दोन्ही कागद एकाच माणसाचे आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराचे आहेत. विसंगतीचे कारण प्रेक्षकात सापडते. १९४५ नंतरच्या इंग्रजी चित्रपटांनी प्रेक्षकाच्या डोळ्याला एक सवय लावली होती: ताठ कॉलर, उंच काळे बूट आणि करडा कोट दिसला की तो शत्रू. पात्राने तोंड उघडण्याआधीच कपड्याने बाजू सांगितलेली असे. परग्रहावरची, अनोळखी नावांची गोष्ट सांगणाऱ्या दिग्दर्शकाला ही तयार भाषा हवीच होती.

ती भाषा बोलणारा माणूस त्याला लंडनमध्ये मिळाला. जॉन मोलो यांचा जन्म १९३१ चा. लष्करी गणवेशांचा अभ्यास हा त्यांच्या घरचाच धंदा म्हणावा असा होता. बोरिस आणि अँड्र्यू हे त्यांचे भाऊही त्याच विषयातले जाणकार. अँड्र्यू यांनी तर केव्हिन ब्राउनलो यांच्यासह ‘इट हॅपन्ड हिअर’ हा चित्रपट केला होता. जर्मनीने ब्रिटन जिंकले असते तर काय, या कल्पनेवरचा तो चित्रपट १९५६ मध्ये पोरवयात सुरू केलेला आणि आठ वर्षे रखडत पुरा झालेला. लंडनच्या रस्त्यांवर जर्मन गणवेश कसे दिसतील, याचा सराव मोलो घराण्यात आधीच झाला होता.

जॉन मोलो मात्र वेशभूषाकार नव्हते, सल्लागार होते. ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९६८) आणि ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटांत कोणत्या पलटणीला कोणते बटण, हे सांगण्याचे काम त्यांचे. ‘स्टार वॉर्स’ हा त्यांचा वेशभूषाकार म्हणून पहिला चित्रपट. त्याआधी, १९७२ मध्ये, त्यांचा ‘मिलिटरी फॅशन’ हा ग्रंथ आला होता. मोठ्या सैन्यांच्या गणवेशांचा हा तौलनिक इतिहास आहे, आणि त्याची कालमर्यादा उपशीर्षकातच दिली आहे: सतराव्या शतकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत. म्हणजे ज्या माणसाला ‘फॅसिस्ट’ दिसणारे कपडे करायला सांगितले गेले, त्याच्या अभ्यासाची हद्द फॅसिस्ट जन्माला येण्याआधीच संपत होती.

हा केवळ योगायोग नाही, हे कपड्यांवरून दिसते. साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा कोट करडा-हिरवट आहे. भडक रंग टाकून मातीत मिसळणारे रंग घेण्याचा काळ पहिल्या महायुद्धाच्या आधीचाच: ब्रिटिशांनी १९०२ मध्ये खाकी सर्वत्र लागू केली, जर्मनांनी १९१० मध्ये करडा रंग. कोटाला उभी कॉलर आहे, आणि छातीवरचा पदर बाराबंदीसारखा एका बाजूला जाऊन मिटतो. बटणे दिसत नाहीत. असा छातीवर दुहेरी येणारा कोट जर्मन घोडदळातल्या भालाईतांचा, उलानांचा, ओळखीचा होता. खाली मांडीवर फुगलेली ब्रीचेस आणि गुडघ्यापर्यंतचे बूट; म्हणजे घोडा गेला तरी घोडेस्वाराची विजार राहिली. हिटलरच्या अधिकाऱ्यांनीही हीच विजार घातली, कारण त्यांनाही ती जर्मन सम्राटाच्या, कैसरच्या सैन्याकडून आली होती.

मोलोंनी काय ठेवले याइतकेच महत्त्वाचे आहे त्यांनी काय काढले. गरुड नाही, क्रॉस नाही, खांद्यावर गोफ नाही, पदकांची रांग नाही. हुद्दा सांगायला छातीवर रंगीत चौकोनांची एक पट्टी, आणि टोपीवर एक कोरी चकती. कोणत्याही सैन्याची ओळख बिल्ल्यावरून पटते. बिल्ला काढला की उरतो फक्त कापडाचा बेत, आणि धाक नेमका त्या बेतात आहे. कोणते चिन्ह कोणत्या देशाचे हे ज्याला तोंडपाठ, त्यालाच ते सगळे अचूक गाळता येते.

बेताची ही मदार किती होती, हे पीटर कुशिंग यांच्या बुटांवरून कळते. साम्राज्याचा प्रमुख अधिकारी टार्किन त्यांनी रंगवला. दिलेले बूट त्यांना इतके चावत होते की बरीचशी दृश्ये त्यांनी घरगुती सपातांत केली, आणि कॅमेरा गुडघ्याच्या वर ठेवला गेला. पडद्यावर त्याने काही उणे वाटत नाही. कॉलर आणि खांद्यांची रेषा एवढ्यावर साम्राज्य उभे राहिले.

साम्राज्याचा खलनायक डार्थ वेडर याच्या बाबतीत पुरावा दोन ठिकाणांहून येतो, आणि दोन्ही खरा आहे. १९७५ मध्ये मॅक्वॉरींनी त्याला प्रथम रंगवले तेव्हा डोक्यावर जपानी सामुराईच्या शिरस्त्राणासारखी, मानेवर पसरणारी कड होती. पटकथेत तो एका यानातून दुसऱ्यात निर्वात पोकळी ओलांडून येतो, तेव्हा त्याला श्वास घ्यायला काहीतरी हवे, म्हणून मुखवटा आला. ही झाली चित्राची बाजू. मोलोंनी स्वतः सांगून ठेवलेली हकिगत मात्र कपडेपटाची आहे. वेडरचा पहिला आकार त्यांनी जमवला तो मोटारसायकलस्वाराचा पोशाख, नाझी हेल्मेट, विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा आणि मध्ययुगीन विभागातून काढलेला भिक्षूचा झगा यांतून.

या यादीत ‘नाझी’ हा शब्द आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण यादी पूर्ण वाचली की तिच्यात चार काळ आणि चार कामे दिसतात: रस्ता, रणांगण, खंदक आणि मठ. कपडेपटाच्या मांडणीत शतके शेजारी शेजारी टांगलेली असतात, आणि वेडर तिथून उचललेला आहे. सामुराईची कड आणि जर्मन पोलादाची कड यांचा आकार जुळतो, कारण दोन्हींचे काम एकच: वरून आणि बाजूने येणाऱ्या घावापासून मान वाचवणे. म्हणून मॅक्वॉरींचे चित्र आणि मोलोंचे हेल्मेट एकमेकांत बसले. पुढे ब्रायन म्युर यांनी मुखवटा मातीत घडवला, तेव्हा दोन्ही वंश त्यात मिसळले होते.

मोलोंच्या रेखाटनवहीतही ही जुळवाजुळव दिसते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स लिलावगृहात ती वही विकली गेली. वेडर, स्टॉर्मट्रूपर आणि केसाळ च्युबाका यांची कच्ची रेखाटने तिच्यात शेजारी आहेत. चित्रकाराचे स्वप्न शिंप्याच्या आणि साचेकाराच्या हाती द्यायचे, तर मध्ये अशी एक वही लागते.

शस्त्रांचीही तीच कथा. स्टॉर्मट्रूपरच्या हातातली ‘ब्लास्टर’ म्हणजे ब्रिटिश सैन्याची स्टर्लिंग सबमशीनगन, वर काही जोडकाम केलेली. हीच बंदूक परवान्याने कानपूरच्या कारखान्यात बनत असे, आणि आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर ‘कार्बाइन’ म्हणून पिढ्यानपिढ्या दिसली. आकाशगंगेच्या साम्राज्याचे हत्यार आपल्याला चौकीच्या दारात ओळखीचे वाटावे, याचे कारण इतके साधे आहे.

बंडखोरांकडे पाहिले की सूचनेतला दुसरा अर्धा भाग पुरा झालेला दिसतो. वैमानिकांचे नारिंगी पोशाख अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांचे स्मरण देतात. समुद्रात पडलेला माणूस दुरून दिसावा म्हणून तो रंग. त्यांच्या बाजूचा हान सोलो बंदूक मांडीवर बांधतो, काउबॉयसारखी. एका बाजूला कैसरच्या घोडदळाची विजार, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा आकाशवीर आणि काउबॉय. १९७३ च्या टिपणातली साम्राज्यवादी अमेरिका कपड्यांतून पुसली गेली, आणि प्रेक्षकालाही ती दिसली नाही.

पुन्हा कोर्टाकडे. हेल्मेट ‘शिल्प’ ठरले असते तर त्याला कलाकृतीचे दीर्घ संरक्षण मिळाले असते. २००८ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मॅन यांनी ते मानले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निष्कर्ष कायम ठेवला: कलाकृती चित्रपट आहे, हेल्मेट त्याच्या निर्मितीतली कामाची वस्तू. मॅन यांनी हेल्मेटचा हेतू सांगताना जी यादी दिली ती वाचण्यासारखी आहे. पात्र ओळखू यावे, आणि त्याची निष्ठा, बळ, धाक, उद्देश आणि काहीसा चेहराहीनपणा कळावा, हे त्याचे काम. न्यायमूर्ती प्लॅस्टिकच्या एका नगाचे वर्णन करत होते. पण खऱ्या सैन्यातल्या गणवेशाची याहून नेमकी व्याख्या करणे अवघड आहे.

मोलोंना स्वतःला हे माहीत असावे. एप्रिल १९७८ मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी ऑस्कर घेताना ते व्यासपीठावरून म्हणाले की हे कपडे म्हणजे थोडेसे प्लंबिंग आणि थोडी मोटारींची कारागिरी आहे. ज्याने आयुष्यभर खऱ्या बटणांचा हिशेब ठेवला, त्याला बटणे नसलेल्या सैन्यासाठी गौरवले जात होते.

पाच वर्षांनी, एप्रिल १९८३ मध्ये, त्यांचे नाव त्याच पुरस्कारासाठी पुन्हा पुकारले गेले, या वेळी ‘गांधी’साठी, आणि सोबत नाव होते कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. इथे साम्राज्य खरे होते. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या खाकीतला एकही तपशील गाळून चालणार नव्हते, कारण तो गणवेश पाहिलेली माणसे अजून हयात होती. आणि बंडखोरांना कोणाच्या मरीनची नक्कल करावी लागली नाही. अथैया यांनी त्यांना जे कापड दिले, ते त्या बंडखोरांनी स्वतः कातलेले होते.