वेगाच्या मापातला आवाज

‘रूपांतर’ हा शब्द नाटकाच्या संदर्भात येतो तेव्हा मूळ संहितेतले काही गळणार आणि काही नव्याने येणार, हे आपण गृहीत धरतो. मापांच्या रूपांतराबाबत मात्र आपण निर्धास्त असतो. एका संख्येने दुसरीला भागले की काम संपले! जुन्या मोडेमचा वेग प्रकाशतंतूंच्या जाळ्याच्या मापात बसवू पाहिला, तर ही निर्धास्तता टिकत नाही.

भागाकार करूनच पाहू. अमेरिकेतील ‘सोनेट’ या प्रमाणपद्धतीचे मूळ एकक ओसी-१, म्हणजे सेकंदाला ५१.८४ मेगाबिट. १९६२ साली आलेल्या ‘बेल १०३’ या मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट. उत्तर येते नेमके १,७२,८००. म्हणजे या एका मार्गावरून पावणेदोन लाखांच्या आसपास मोडेम एकाच वेळी चालावेत. प्रत्यक्षात टेलिफोनच्या जाळ्यातून येणारे असे मोडेम त्यात मावतात अवघे ६७२. गणित चुकलेले नाही. गणिताला ठाऊक नसलेला इतिहास मध्ये उभा आहे.

त्या इतिहासाचा पहिला धागा ‘बॉड’ या शब्दात सापडतो. एमिल बोदो (१८४५–१९०३) या फ्रेंच तारयंत्रज्ञाच्या नावावरून तो आला. बोदोच्या यंत्रावर पाच कळा असत आणि तारबाबूला त्या यंत्राच्या ठेक्याबरहुकूम दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर चुकले. सेकंदाला तारेवरची खूण किती वेळा बदलू शकते, ते बॉड. बेल १०३ मध्ये एका बदलात एकच बिट जाई, त्यामुळे ३०० बॉड आणि ३०० बिट यांत भेद करण्याचे कारण नव्हते. बोलण्यातली ही सवय पुढे सुटली नाही. नंतरच्या २४०० बिटांच्या मोडेमला लोक ‘२४०० बॉड’ म्हणत राहिले, पण तो सेकंदाला ६०० च बदल करी. प्रत्येक बदलात चार बिट भरलेले असत. छंदःशास्त्र शिकवणाऱ्यांना हा घोळ नवा वाटू नये. अक्षरे मोजणे वेगळे आणि मात्रा मोजणे वेगळे.

दुसरा धागा अधिक महत्त्वाचा आहे. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली होती. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातले स्वर तेवढे तिच्यातून पलीकडे पोचत. म्हणून संगणकातल्या अक्षरांना आवाजाचे सोंग घ्यावे लागले. मोडेम जोडताना ऐकू येणारी ती किरकिर म्हणजे लेखनाने केलेली बोलण्याची बतावणी होती.

पुढे एक्स्चेंजमध्ये आवाजाचेच अंक होऊ लागले. ही पद्धत ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ साली कल्पिली होती. बोलण्यासाठी ४००० हर्ट्झचा पट्टा धरायचा, त्याच्या दुपटीने म्हणजे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहायचा. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. एका आवाजाला एवढी जागा ठरली. समोर माणूस बोलतो आहे की ३०० बिटांचा मोडेम, याची चौकशी एक्स्चेंज करीत नसे. येईल त्याला ६४,००० ची पूर्ण खोली मिळे. ६७२ ही संख्या अशा खोल्यांची आहे : २४ आवाजांचा एक गट, असे २८ गट.

ओसी-१ ची घडणही आवाजाला धरूनच आहे. नऊ ओळी आणि नव्वद स्तंभ अशी ८१० बाइटांची चौकट, ती सेकंदाला ८००० वेळा पाठवायची. गुणाकार केला की ५१.८४ मेगाबिट मिळतात. आता ओळी नऊच का? अमेरिकेत २४ आवाजांचा गट होता, तर युरोपात ३२ घरांचा आणि त्यांपैकी ३० आवाजांचा. भारताने युरोपीय गट स्वीकारला होता. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले तेव्हा नऊ ओळींच्या चौकटीत अमेरिकी गट तीन स्तंभांत बसला आणि युरोपीय चार स्तंभांत. या तडजोडीतून १५५.५२ मेगाबिटचे सामाईक माप आले. तिकडे त्याला ओसी-३ म्हणतात, आपल्याकडे एसटीएम-१. पण ओसी-३ मध्ये २०१६ आवाज मावतात आणि ३०-३० चे ६३ गट भरलेल्या एसटीएम-१ मध्ये १८९०. संख्या तीच असून तिचे वाचन दोन तऱ्हांनी होते.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा आपल्याकडच्या घरगुती ग्राहकाच्या वाट्याला आले ते हेच सोंग. १९९८ च्या व्ही.९० प्रमाणाने ते निम्मे उतरवले. सेवा देणाऱ्याची बाजू आधीच अंकांत असल्यामुळे एक्स्चेंजचे ८००० चे ठोके थेट वापरता आले आणि प्रत्येक ठोक्याला जास्तीत जास्त सात बिट पाठवता आले. ५६,००० हा आकडा तेथून आला. उलट दिशेने, म्हणजे ग्राहकाकडून जाणारी अक्षरे मात्र जुन्याच पद्धतीने गात राहिली.

नंतर आवाजच इंटरनेटवरचा एक पाहुणा झाला. २००९ मध्ये प्रकाशजाळ्यासाठी ‘ओडीयू-०’ हे माप ठरवले गेले, तेही टेलिफोनसाठी नव्हे, तर गिगाबिट इथरनेट वाहून नेण्यासाठी. त्याचा वेग सेकंदाला १२४४.१६ मेगाबिट आहे. त्यालाही ८००० ने निःशेष भाग जातो.