भिंतीपलीकडील आज्ञा

आपला हात जेथें पोंचत नाहीं तेथें आपली इच्छा पोंचावी, ही मनुष्याची फार जुनी हांव आहे. शिंग, नगारा, मशाल व निशाण हीं या हांवेचींच पहिलीं साधनें होत. आज घरांतील माणूस तळहाताएवढा रिमोट उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाचें यंत्र चालू करतो, तेव्हां तो याच दीर्घ परंपरेंत एक पाऊल टाकीत असतो. परंतु तोच माणूस शेजारच्या खोलींत गेला कीं त्याच्या हातांतील रिमोट मुका होतो. मध्यें वीतभर जाडीची भिंत असते, आणि एवढीशी भिंत त्या आज्ञेला पुरून उरते. ही भिंत ओलांडण्याची कथा वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. ज्या युक्तीनें ती ओलांडली जाते ती तारायंत्राच्या काळांतली आहे, आणि तिचे टप्पे पाहावयाचे असल्यास वर्धा जिल्ह्याचा इतिहास फार उपयोगीं पडतो.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वेगळा काढण्यांत आला. त्याचें मुख्य ठिकाण आरंभीं पुलगांवजवळील कवठा येथें होतें. १८६६ सालीं तें पालकवाडी या खेड्याच्या जागीं आणून वर्धा शहर वसविण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग नागपुरास भिडला. आगगाडीबरोबर दूरवरून आज्ञा करण्याचे दोन प्रकार या मुलुखांत आले. पहिला सिग्नलचा. केबिनमधील माणूस लोखंडी दांडा ओढी, रुळांच्या कडेनें कप्प्यांवरून गेलेली तार ताणली जाई, आणि दूर उभ्या असलेल्या खांबावरचा हात खालीं येई. येथें आज्ञा करणारा आपल्याच दंडाचें बळ तारेवाटे पाठवीत असे. म्हणून तिची मजल बेताचीच असे. दुसरा प्रकार तारायंत्राचा. त्यांत बळ पाठवावयाचें नव्हतें, केवळ खूण पाठवावयाची होती.

परंतु खूणही वाटेंत थकते. विजेचा प्रवाह लांबच लांब तारेंतून जातांना क्षीण होतो, आणि अखेरीस पलीकडचा लोहचुंबक हालविण्याइतकीही शक्ति त्यांत उरत नाहीं. यावर अमेरिकेंतील जोसेफ हेन्री यांनीं १८३५ च्या सुमारास उपाय दाखविला. वाटेंत एक नाजूक विद्युच्चुंबक ठेवावयाचा. आलेल्या दुबळ्या प्रवाहानें त्यानें एक लहानशी कळ मिटावयाची. आणि त्या कळीनें नव्या बॅटरीचा ताजा प्रवाह पुढच्या तारेंत सोडावयाचा. यासच रिले म्हणतात. घोड्यांची डाक बदलावी तशी येथें शक्ति बदलते, निरोप मात्र तोच राहतो. या मध्यस्थाला निरोपाचा अर्थ कळत नाहीं आणि त्यांत तो पदरचें कांहीं घालीतही नाहीं. त्याचें अज्ञान हाच त्याचा प्रामाणिकपणा होय.

वर्धा शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर शेगांव नांवाचें खेडें होतें. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजीं तेथें राहावयास आले, आणि १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. माती, बांबू व कौलें यांनीं उभारलेल्या तेथील कुटींत यंत्रांना फारशी जागा नव्हती. तरीही आश्रमाच्या कचेरींत एक यंत्र आलें, तें म्हणजे टेलिफोन. लॉर्ड लिनलिथगो हे १९३६ पासून १९४३ पर्यंत व्हाइसरॉय होते. राज्यकर्त्यांना गांधीजींशीं तातडीनें बोलतां यावें म्हणून त्यांच्या काळांत ही सोय झाली, आणि ती जागा आश्रम पाहावयास येणारांना आजही दाखविली जाते. मातीच्या भिंतीला एक तार भेदून गेली, आणि शेकडों कोसांवरच्या राजवाड्याशीं या खेड्याचा संबंध जडला. टेलिफोनचा मोठा गुण असा कीं त्याची तार दोन्ही बाजूंनीं बोलते. तेथें आज्ञा गेली तर तिचें उत्तर त्याच तारेनें परत येतें, आणि तें उत्तर नकाराचेंही असूं शकतें.

त्याच काळांत दुसरें एक यंत्र राष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांत शिरलें होतें. काँग्रेसच्या अधिवेशनांत मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या पेढीचे कर्णे लागूं लागले. एका माणसाचा मंद आवाज एकाच क्षणीं मंडपाच्या चारी कोपऱ्यांत पोंचूं लागला. वक्ता एक, वर्धक एक आणि कर्णे अनेक ही जी रचना, तीच आजच्या अनेक खोल्यांच्या ध्वनियोजनेची मूळ प्रतिमा होय. फरक इतकाच कीं तेथें मंडप होता, येथें घर आहे.

१४ जुलै १९४२ रोजीं वर्धा येथें काँग्रेस कार्यकारिणीनें ब्रिटिश सत्तेनें हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला. ९ ऑगस्टच्या पहांटे मुंबईंत गांधीजींना व इतर नेत्यांना अटक झाली, आणि सेवाग्रामच्या टेलिफोनवर बोलणारा माणूसच बंदिवासांत गेला. तेव्हां उषा मेहता व त्यांचे तरुण सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. विद्युल्लहरींना भिंतींची अडचण नसते. म्हणून बंद खोलींतून निघालेला आवाज बाहेरच्या जगांत गेला. परंतु ज्या गुणामुळें तो बाहेर पडला त्याच गुणामुळें सरकारलाही त्याचा माग काढतां येऊं लागला. जागा वारंवार बदलूनही १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तें केंद्र पोलिसांच्या हातीं पडलें. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवाने यांच्यावरही खटला झाला व ते निर्दोष सुटले. भिंत न मानणारी लहर मित्राप्रमाणें शत्रूलाही ऐकूं जाते, हा धडा त्या प्रकरणानें दिला. घरांतील साध्या रिमोटचा विचार करतांनाही तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

रिमोटमधून निघणारे किरण या लहरींचेच भाऊबंद असले तरी स्वभावानें निराळे आहेत. विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा अधिक चढला. हेच अवरक्त किरण होत. प्रकाशावरून निरोप पाठवितां येतो हें १८८० सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं फोटोफोन या यंत्रानें दाखविलें. आपल्या देशांत आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतीपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजविली व दारू उडविली. भिंतीपलीकडील आज्ञेचें याहून ठळक प्रात्यक्षिक त्या काळीं सर्वसामान्य लोकांपुढें क्वचितच झालें असेल. त्यांच्या गॅलिना स्फटिकाच्या ग्राहकाला १९०४ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें.

घरगुती यंत्रांनीं मात्र बराच काळ वेगळे मार्ग चोखाळले. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें १९५० सालीं दूरचित्रवाणी संचासाठीं काढलेल्या पहिल्या नियंत्रकाला तार होती, व ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत अडके. १९५५ सालीं त्याच कंपनींतील यूजीन पॉली यांनीं विजेरीसारखा प्रकाशाचा झोत वापरला. पण संचावर ऊन पडलें कीं तो आपोआप हुकूम मानूं लागे. पुढच्या वर्षीं रॉबर्ट ॲडलर यांनीं अॅल्युमिनियमच्या कांड्या ठोकून माणसाला ऐकूं न येणारा ध्वनि उपयोगांत आणला. १९६१ सालीं गॅलियम आर्सेनाइड या पदार्थापासून अवरक्त प्रकाश देणारा लहानसा डायोड सिद्ध झाला, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तोच हळूहळू घरोघरच्या रिमोटमध्यें जाऊन बसला.

उन्हाची जी अडचण पॉली यांना बाधली ती या नव्या रिमोटनें मोठ्या चातुर्यानें टाळली. त्याचा किरण स्थिर नसतो. तो सेकंदास बहुधा ३८,००० वेळां लुकलुकतो, आणि संचाचा डोळा त्याच लयीला ओळख देतो. सूर्य व शेगडी यांचा प्रकाश स्थिर असल्यामुळें तो सहसा मोजला जात नाहीं. या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे पाडून अक्षरें बनवितात. एका प्रचलित पद्धतींत प्रथम ९ मिलिसेकंदांची लांब खूण व ४.५ मिलिसेकंदांची शांतता असते. मग यंत्राचा पत्ता, त्याच पत्त्याचा उलटा पाठ, नंतर आज्ञा व आज्ञेचा उलटा पाठ असे एकूण ३२ अंक येतात. सुलटा व उलटा पाठ जुळला नाहीं तर संच आज्ञा मानीत नाहीं.

आतां मूळ अडचणीकडे वळतां येईल. ज्या घरांत ध्वनि व चित्र यांचीं सर्व यंत्रें एकाच कपाटांत असतात आणि कर्णे मात्र बैठकींत, शयनगृहांत व ओसरीवर असतात, तेथें ध्वनि तारेनें सर्वत्र जातो. पण त्याला थांबविण्याची आज्ञा भिंतीशीं अडते. अवरक्त किरणाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. वीट व माती यांना तो प्रकाशाप्रमाणेंच भेदूं शकत नाहीं. यावरचा उपाय म्हणजे हेन्रीचा रिले. दूरच्या खोलींत एक डोळा बसवितात; तो किरण टिपून त्याची विजेची खूण बनवितो; ती खूण तारेनें कपाटापर्यंत जाते; तेथें एक छोटी पेटी तिला बळ देते; आणि यंत्राच्या डोळ्यावर चिकटविलेला इवलासा डायोड तोच किरण पुन्हां उत्पन्न करतो. यंत्राला वाटतें कीं धनी समोरच उभा आहे.

ही योजना करणाऱ्यांना कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. कपाटांतील डायोडचा प्रकाश दूरच्या डोळ्यावर परतून पडला तर आज्ञा स्वतःचाच पाठलाग करीत घुमत राहते. म्हणून दोघांमध्यें आडोसा लागतो. एकाच जातीचीं दोन यंत्रें शेजारीं असलीं तर एकाला दिलेली आज्ञा दोन्ही मानतात. तेव्हां प्रत्येकाचा डोळा स्वतंत्र झांकावा लागतो. खिडकींतील थेट ऊन डोळ्याला आंधळें करतें. शिवाय ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथें बंद कपाटांतील यंत्रांना हवा मिळेल अशी तजवीजही हवी. रिमोट जिवंत आहे कीं मेला हें पाहण्याचा सोपा उपाय असा कीं तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. डोळ्यांना न दिसणारा किरण बहुतेक कॅमेऱ्यांना जांभळट ठिपक्यासारखा दिसतो.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न साहजिक आहे. भिंती सहज ओलांडणारे रेडिओलहरींचे रिमोट आज मिळतात, आणि अनेक घरांत मोबाइलवरून वायफायनेंच सर्व यंत्रें चालतात. सोय म्हणून ते श्रेष्ठ आहेत यांत शंका नाहीं. परंतु अवरक्त किरणाचा दुबळेपणा हाच त्याचा एक सद्गुण आहे. जी आज्ञा खोलीबाहेर जात नाहीं ती शेजाऱ्याच्या यंत्राला हालवीत नाहीं आणि रस्त्यावरून कोणाला टिपतांही येत नाहीं. लहरीनें भिंत ओलांडली कीं कुलूप संकेताच्या गुप्ततेवर येऊन पडतें, आणि तें कुलूप किती पक्कें आहे हें घरधन्याला सहसा ठाऊक नसतें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अवरक्त किरण एकमार्गी असतो. संच उत्तर देत नाहीं. समोर बसलेल्या माणसाला त्याची उणीव भासत नाहीं, कारण यंत्रानें ऐकलें कीं नाहीं हें त्याला डोळ्यांनीं दिसतें. भिंतीपलीकडे गेल्यावर मात्र त्याची आज्ञा अंधारांत फेकलेल्या दगडासारखी होते. आवाज बंद झाला तर आज्ञा पोंचली, न झाला तर ती कोठें अडली, डोळ्यांत, तारेंत कीं पेटींत, याचा थांग लागत नाहीं. म्हणून चांगल्या पुनःप्रक्षेपकाच्या डोळ्याशेजारीं एक लहानसा दिवा ठेवलेला असतो. आज्ञा टिपली गेली कीं तो लुकलुकतो. तरी हा दिवा मधल्या निरोप्याची पोंच देतो, धन्याच्या यंत्राची नव्हे.

१२ नोव्हेंबर १९४७ रोजीं गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रांत गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांशीं बोलले. बरोबर पांच वर्षांपूर्वीं त्याच तारखेला मुंबईंत उषा मेहता यांचें केंद्र पकडलें गेलें होतें. जो आवाज एकदां भिंतीआडून चोरून निघावा लागे, तो आतां उजळ माथ्यानें निघाला. परंतु छावणींतील कोणालाही त्याच वाटेनें गांधीजींना उत्तर देतां येत नव्हतें. सेवाग्रामच्या टेलिफोनला जें साधलें तें लाखोंपर्यंत जाणाऱ्या लहरीला साधलें नाहीं. पुढें १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें आणि वर्ध्याच्या खेड्यांना आपल्या भाषेंतला आवाज जवळून ऐकूं येऊं लागला. तेव्हां श्रोत्यांचें उत्तर पोस्टाच्या पत्रानेंच येत असे.

यावरून आज्ञेची मजल वाढविणें ही एक विद्या असून तिचें उत्तर परत आणणें ही दुसरी विद्या आहे असें दिसून येतें. पहिलीसाठीं हेन्रीचा नाजूक लोहचुंबक पुरला. दुसरीसाठीं परतीची तार लागते, आणि ती घालण्याची इच्छा आज्ञा करणाराला असावी लागते. घर बांधतांना भिंतींत नळी टाकणारा मिस्त्री एका तारेऐवजीं दोन तारांची जागा ठेवील, तर पुढें कपाटांतील यंत्राची खरी पोंच दूरच्या खोलीपर्यंत आणतां येते. नळीचा खर्च थोडा आहे. गिलावा झाल्यावर भिंत फोडण्याचा खर्च पुष्कळ.