सुख कोणाचे आणि सांगणे कोणाचे?

स्त्री मोकळेपणी रडते, पुरुष आतल्या आत गिळतो. म्हणून स्त्री भावनाप्रधान आणि पुरुष धीरगंभीर, असा समज आपल्याकडे दृढ आहे. अव्वल सुधारणाकाळातील स्त्रीपुरुषांनी मागे ठेवलेली आत्मकथने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर हा भेद स्वभावाचा कमी आणि सांगण्याच्या मुभेचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

धोंडो केशव कर्वे आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे उदाहरण घेऊ. १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. अण्णांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे, बायांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. अण्णा परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत केलेली पायपीट सांगतात, संस्थेची उभारणी सांगतात. पण स्वर समेवरून ढळू देत नाहीत. लोकांपुढे हिशेब ठेवणाऱ्या कार्यकर्त्याचा तो स्वर आहे. कार्यासाठी सर्वस्व देणाऱ्या पुरुषाच्या घरात चूल कशी पेटत होती, हे मात्र बायांकडून कळते. त्यांच्या सांगण्यात कुरकुर आहे, अभिमान आहे आणि मिश्कीलपणाही आहे. एकाच संसाराची ही दोन पुस्तके परस्परांना खोटे पाडत नाहीत. एकाने जे सांगण्याजोगे मानले नाही, ते दुसरीने सांगितले, इतकेच.

तेव्हा स्त्रिया अधिक मोकळ्या होत्या, असा निष्कर्ष काढावा काय? रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक येथे आड येते. शिक्षणापायी घरातल्याच बायकांकडून झालेला जाच रमाबाई सांगतात. परंतु कथन न्यायमूर्तींच्या १९०१ मधील मृत्यूपाशी थांबते. पुस्तक निघाले तेव्हा पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले होते. त्या कर्तृत्वाचा आनंद या पुस्तकात येत नाही. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द पुष्कळ काही बोलून जातो. पतीच्या सावलीतले सुख सांगणे शोभून दिसे. स्वतःचे सुख स्वतंत्रपणे सांगणे कदाचित तितके शोभत नसे.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट हा लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील मोठा घाव; तरीही त्या वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यावर आणि पतीच्या लहरींवर मनमुराद हसतात. दुःख भोगलेल्या बाईला हसण्याचा अधिकार आहे, हे मराठी गद्याला त्यांनी शिकवले. रागाचा अधिकार त्याआधीच, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून बजावला होता. मात्र तसे दुसरे पुस्तक त्यांच्या हातून प्रसिद्ध झाले नाही.

आणखी मागे गेले, की पारडे वेगळेच दिसते. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासुरवास, माहेरची ओढ, भावाची माया ओवीत गाई; पण तो मोकळेपणा घर जागे होण्यापूर्वीचा आणि बायकांपुरता होता. दुसरीकडे तुकोबांच्या अभंगांत पुरुष भर सभेत रडतो, रुसतो, विठ्ठलाशी भांडतो, आणि कोणी त्याला दुबळा म्हणत नाही. म्हणजे मराठी पुरुषाचे मौन अनादी नाही. कीर्तनात त्याला असलेली मुभा कचेरी, सभा आणि वर्तमानपत्र यांच्या नव्या जगात आकसली, असा आमचा तर्क आहे.

म्हणून ‘अधिक सुखी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकांतून काढू नये. त्यांत सुखाचे माप सापडत नाही. कोणास, कोठे, कोणापुढे बोलता आले, याच्या खुणा सापडतात. आत्मचरित्रे शिकवताना आपण स्त्रीचे पुस्तक ‘हृद्य’ आणि पुरुषाचे ‘उद्बोधक’ म्हणून मोकळे होतो. तसे केल्याने अण्णांच्या संयमामागची किंमत आणि बायांच्या कुरकुरीमागचा विचार, दोन्ही वाचायचे राहून जातात.